टायमिंगचा पट्टा : घरी बदलावा की मिस्त्रीकडे?



आपल्या पुष्कळ सभासदांच्या अंगणात आता बंडीच्या शेजारी मोटारगाडी उभी असते. थोड्यांची नवी, बहुतेकांची जुनी घेतलेली. जुनी गाडी घेताना माणूस रंग पाहतो, टायर पाहतो, कागद पाहतो. टायमिंगचा पट्टा शेवटचा कधी बदलवला, हे विचारणारा मात्र क्वचितच भेटतो. आणि ज्यांना पट्ट्याचे महत्त्व ठाऊक आहे त्यांच्यात अलीकडे दुसराच विचार बळावला आहे. मोबाईलवर कोणीतरी पट्टा बदलताना दाखवतो, ते पाहून आपले तरुण सभासद म्हणतात, "याच्यात काय हाय बाप्पा, जुना काढायचा अन् नवा घालायचा! मजुरी कायले द्यायची?" वजनकाट्यावर नंबर लागेपर्यंत ज्या गप्पा चालतात, त्यांत हे आमच्या कानावर वारंवार येते. म्हणून आमचे मत येथे मोकळेपणाने मांडत आहोत.

आपला शेतकरी हाताचा कसबी आहे, याबद्दल आम्हाला शंका नाही. डिझेल पंपाचे इंजिन बांधावर बसून खोलणारे, नोझल साफ करून पुन्हा चालू करणारे लोक आपल्यात गावोगाव आहेत. पण अडचण नेमकी तेथेच आहे. पंपाच्या इंजिनात आणि ट्रॅक्टरमध्ये क्रँकवरून कॅमकडे गती जाते ती बहुधा दातेरी चाकांवरून. अॅम्बॅसिडर आणि जुनी फियाट यांत साखळी होती. त्या यंत्रांवर ज्यांचा हात बसला, त्यांना हा पट्टा कधी भेटलाच नाही. दातेरी रबरी पट्ट्यावर कॅम फिरवणारी मोटार जर्मनीच्या ग्लास कंपनीने १९६२ साली बाजारात आणली. आपल्याकडे सामान्य माणसाच्या दारात तो पट्टा आणला १९८३ च्या डिसेंबरात निघालेल्या मारुती ८०० ने. पुढे १९९८ च्या अखेरीस आलेल्या इंडिकाच्या डिझेल इंजिनातही पट्टाच होता, आणि डस्टरच्या डिझेल इंजिनातही. उलट स्विफ्ट-डिझायरच्या १.३ लिटर डिझेल इंजिनाला साखळी आहे. तेव्हा आपल्या गाडीत काय आहे, हे पहिल्यांदा पुस्तिकेत पाहावे. शेजाऱ्याच्या गाडीवरून आपल्या गाडीचा अंदाज बांधू नये.

हा पट्टा करतो तरी काय? क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा झाला पाहिजे, आणि तोही नेमक्या ठिकाणाहून सुरू झालेला पाहिजे. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे फिरत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पंचवीस वेळा उघडतो आणि मिटतो. पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह बाजूला गेलेला असतो, तो या पट्ट्याच्या भरवशावर. डिझेल इंजिनात दाब जास्त लागतो, त्यामुळे वरची जागा अगदी थोडी असते. पट्टा तुटला की कॅम जागेवर थांबतो आणि पिस्टन मात्र वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनही फुटतो. फॅन बेल्ट तुटला तर गाडी बाजूला घेऊन थांबता येते. हा पट्टा तुटला तर थांबायला वेळच मिळत नाही. पातूरच्या घाटात किंवा समृद्धी महामार्गावर भरवेगात इंजिन एकाएकी बंद पडले, तर गाडीत बसलेल्या लेकराबाळांचे काय, हाही विचार करावयाचा आहे. इंजिन बंद पडल्यावर ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.

आता घरी बदलण्याविषयी. काढणे आणि घालणे खरोखरच सोपे दिसते. अवघड आहे ते दोहोंच्या मधले. जुना पट्टा उतरला की क्रँक आणि कॅम यांचा एकमेकांशी संबंध सुटतो. त्या वेळी कोणाचा धक्का लागून कॅम थोडा जरी फिरला, तरी खुणा चुकतात. एक दाता चुकला तर गाडी चालू होते, पण ओढत नाही, धूर टाकते. मग माणूस आठ-आठ दिवस डिझेलला दोष देत बसतो. जास्त दाते चुकले तर चावी फिरवताच व्हॉल्व्ह वाकतात, म्हणजे जे टाळण्यासाठी पट्टा बदलला तेच घरच्या अंगणात घडते. काही डिझेल गाड्यांत इंधनाचा पंपही याच पट्ट्यावर चालतो, म्हणजे जुळवायच्या खुणा दोनच्या तीन होतात. आणि काही इंजिनांत क्रँकवरची चकती चावीने अडकवलेली नसते, ती निव्वळ बोल्टच्या आवळणीवर धरलेली असते. तेथे क्रँक आणि कॅम अडकवून ठेवणाऱ्या खास पिना नसतील, तर पांढऱ्या रंगाने केलेल्या खुणांचा काही उपयोग नाही. मोबाईलवर दाखवणारा माणूस दुसऱ्याच इंजिनावर काम करत असतो, हे आपले तरुण विसरतात.

ताणाचेही तसेच. पट्टा सैल राहिला तर दाता सोडून उडी मारतो, जास्त ताणला तर बेअरिंग आणि पट्टा दोन्ही लवकर जातात. "हाताने दाबून पाहतो जी, समजते" असे म्हणणारे मिस्त्री आम्ही पाहिले आहेत. बोल्ट किती आवळायचा हे ज्या पान्याने मोजता येते, तो टॉर्क पाना ज्याच्याकडे नाही त्याने हे काम करू नये, मग तो घरचा असो की दुकानातला.

यावरून आमचे मत असे की डिझेल गाडीचा टायमिंगचा पट्टा घरी बदलू नये. जुन्या मारुतीसारखे साधे पेट्रोल इंजिन असेल, पुस्तिका हाताशी असेल, पाने पुरे असतील आणि जाणत्या माणसाबरोबर एकदा तरी हे काम केलेले असेल, तर आमची ना नाही. घरी केल्याने वाचते ती फक्त मजुरी. सामान दोन्हीकडे विकतच घ्यावे लागते. आणि इंजिनचे हेड उतरवण्याची पाळी आली, तर त्या मजुरीच्या कितीतरी पट पैसा उसाच्या बिलातून जातो.

परंतु मिस्त्रीकडे गाडी टाकली आणि आपण बाजार करून आलो, एवढ्यानेही भागत नाही. पट्टा किती किलोमीटरला बदलायचा हे पुस्तिकेत लिहिलेले असते. कोणत्या गाडीला साठ हजार, कोणत्या गाडीला लाखाच्या आसपास. त्यासोबत वर्षांचीही मर्यादा असते, आणि आपल्या भागात तीच आधी येते. आपली गाडी शेत, वाशीमचा बाजार, कधीमधी अकोला, एवढीच फिरते. किलोमीटर वाढत नाहीत म्हणून माणूस निर्धास्त राहतो. पण रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते, आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेल्यावर इंजिनाच्या झाकणाखाली काय होत असेल ते सांगणे नको. तेलाचे सील गळत असेल तर पट्टा आणखी लवकर जातो. जुन्या गाडीची नोंदच सापडत नसेल, तर पट्टा बदलायचा आहे असेच समजावे.

सामान बिलासह घ्यावे. नकली पट्टे बाजारात असतात. नुसता पट्टा बदलून टेन्शनर जुनाच ठेवू नये. वॉटर पंप त्याच पट्ट्यावर फिरत असेल तर तोही बदलून घ्यावा, नाहीतर वर्षभराने पंप गळला की सगळी खोलाखोल परत. पट्टा बसल्यावर मिस्त्रीला शांतपणे म्हणावे, "भाऊ, चावी लावण्याआधी क्रँक हाताने दोन फेरे फिरवा अन् खुणा मले दाखवा." चांगला मिस्त्री हे न सांगता करतो. जो या बोलण्याचा राग मानतो, त्याच्याकडे पुढच्या खेपेस जाऊ नये. जुने सामान मागून घ्यावे, आणि तारीख व किलोमीटर लिहिलेली चिठ्ठी झाकणाच्या आत चिकटवावी. एवढे करणाऱ्या मिस्त्रीशी शे-दोनशे रुपयांसाठी घासाघीस करू नये, हेही आम्ही सांगून ठेवतो. उसाच्या भावाबद्दल आपण जे म्हणतो तेच त्याच्या मजुरीला लागू आहे.

ज्या गाडीचे काम वाशीमात होत नाही, तिला अकोल्याला न्यावे लागते, म्हणजे दिवस मोडतो. हे काम गळीत हंगामाच्या आधी, पावसाळ्यातच उरकावे. आपला कारखाना तरी मिलचे रोलर आणि बेअरिंग बंद हंगामातच खोलतो ना?

संचालक मंडळास आमची एक सूचना आहे. आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेतलेली सभासदांची मुले गावोगाव आहेत. त्यांच्यासाठी बंद हंगामात कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये दोन दिवसांचे शिक्षण ठेवावे, जुन्या इंजिनावर पट्टा प्रत्यक्ष बसवून दाखवावा. टॉर्क पाना आणि अडकवायच्या पिना एकेका सभासदाला परवडणार नाहीत, पण गावच्या सोसायटीला जड नाहीत. पाना ठरावीक मुदतीने तपासून घेण्याचा खर्चही सोसायटीनेच धरावा. आणि जो नेईल त्याची वहीत सही घ्यावी, नाहीतर तो फवारणीच्या पंपासारखा चार गावे फिरून मोडका परत येईल.