केंद्रे सुरू आहेत, पण कार्यक्रम कुठले?




आकाशवाणीच्या जिल्हा केंद्रांवर गंडांतर आले आहे का, असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते : एकही केंद्र बंद होणार नाही. जानेवारी २०२१ मध्ये प्रसार भारतीने साऱ्या देशासाठी हाच खुलासा केला होता. तो शब्दशः खोटा नाही. फलक जागेवर आहे, मनोरा उभा आहे, प्रक्षेपकही चालू आहे. श्रोत्याला मात्र त्या इमारतीत तयार होणारा कार्यक्रम हवा असतो, आणि तो किती उरला याबद्दल अशा खुलाशांत अवाक्षर नसते. पैसा अपुरा आहे, माणसे निवृत्त होतात आणि जागा रिकाम्या राहतात, हे कोणीही समजून घेईल. माझा आक्षेप कपात ‘विस्तार’ म्हणून सांगण्याला आहे.

२०२३ हे एकच वर्ष पाहा. जानेवारीत प्रसारणाच्या पायाभूत सुविधांसाठी २,५३९.६१ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. आकाशवाणीचे एफएम ६८ टक्क्यांऐवजी ८० टक्के लोकसंख्येपर्यंत नेऊ, असे सांगण्यात आले. २८ एप्रिलला पंतप्रधानांच्या हस्ते १०० वॅटचे ९१ एफएम प्रक्षेपक सुरू झाले. दुर्गम भागात स्वच्छ आवाज पोहोचला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण प्रक्षेपक म्हणजे केंद्र नव्हे. तिथे ना स्टुडिओ असतो, ना निवेदक, ना कार्यक्रम अधिकारी. दुसरीकडून आलेला कार्यक्रम तो पुढे पाठवतो, इतकेच. आणि त्याच वर्षी जूनमध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्त विभाग गुंडाळून ते काम छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचा निर्णय बाहेर आला! सकाळी सात वाजून दहा मिनिटांचे पुण्याचे बातमीपत्र बंद होणार नाही, फक्त दुसऱ्या शहरातून प्रसारित होईल, अशी ती मांडणी होती. पुणेकरांनी आणि लोकप्रतिनिधींनी आवाज उठवला, तेव्हा केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने स्थगिती दिली. लोकांना वेळेत कळले म्हणून ते बातमीपत्र वाचले.

हे पुण्यात घडू शकले, कारण तिथे बोलणारे लोक आणि छापणारी वृत्तपत्रे आहेत. एखाद्या जिल्हा केंद्राची संध्याकाळची सभा हळूहळू मुंबईच्या सहक्षेपणाने भरत गेली, तर त्याची बातमी कोण करणार? तिथे आदेशही लागत नाही. कार्यक्रम अधिकारी निवृत्त होतो, त्याची खुर्ची तशीच राहते, नैमित्तिक निवेदकांच्या ड्यूट्या कमी होतात आणि एक दिवस शेतीचा कार्यक्रम थेट बाहेरून येऊ लागतो.

आमच्या सातारा जिल्ह्याचेच घ्या. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. एकीकडे स्ट्रॉबेरीचे वाफे, दुसरीकडे ज्वारी आणि मेंढरे. ‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी पाऊस’ या वाक्याचा माणमधल्या दहिवडीच्या शेतकऱ्याला काहीच उपयोग नाही. कोयनेतून किती क्युसेक पाणी सोडले, पाटणकडचा कोणता पूल पाण्याखाली गेला, कोणता घाट दरड कोसळून बंद झाला, हे तिथल्या गावांची नावे नीट उच्चारणाऱ्या माणसाने, त्याच तासाला सांगायचे असते. अतिवृष्टीत वीज जाते, पाठोपाठ मोबाइलचे टॉवर बंद पडतात. त्या वेळी सेलवर चालणारा रेडिओच हाताशी असतो, आणि त्यावर आपल्या खोऱ्याबद्दल कोणी बोलणार नसेल तर लोकसंख्येच्या टक्केवारीचे करायचे काय? खासगी एफएम वाहिन्यांना आणि सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी आपल्याकडे नाही. रेडिओवरची बातमी म्हणजे आकाशवाणीच. तिने जिल्हा सोडला की तो मुका झाला.

परदेशातही फार वेगळे चाललेले नाही. बीबीसीने ऑक्टोबर २०२२ मध्ये इंग्लंडमधल्या आपल्या ३९ स्थानिक केंद्रांचे कार्यक्रम कापले. तेव्हाही डिजिटल युगाची भाषा होतीच. परंतु आठवड्याच्या दिवशी दुपारी दोननंतर केंद्रे एकमेकांचे कार्यक्रम वाटून घेतील, एकूण ४८ पदे कमी होतील, हे आकड्यांत जाहीर झाले. त्यामुळे श्रोत्यांना भांडता आले, संसदेत चर्चा झाली, मार्च २०२३ मध्ये पत्रकारांनी २४ तासांचा संप केला. निर्णय पटला नाही तरी विरोध कशाला करायचा, हे तरी लोकांना ठाऊक होते.

आपल्याकडेही असे स्पष्ट बोलणे अशक्य नव्हते. १९८८ पासून नागपूरहून प्रसारित होणारी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी बंद करण्याचा आदेश डिसेंबर २०१८ मध्ये निघाला, त्यात खर्चकपातीचे कारण दिलेले होते. निर्णय कटू होता, पण कारण समोर होते.

प्रसार भारती कायद्याच्या कलम १२ मध्ये शेती, ग्रामविकास आणि निरनिराळ्या प्रदेशांच्या भाषा-संस्कृती यांकडे लक्ष देणे हे महामंडळाचे कर्तव्य सांगितले आहे. हे कर्तव्य पार पडते की नाही, हे प्रक्षेपक मोजून कळत नाही. प्रत्येक केंद्र रोज किती तास स्वतःचा कार्यक्रम तयार करते, किती तास सहक्षेपण करते आणि मंजूर पदांपैकी किती भरलेली आहेत, हे तीन आकडे प्रसार भारतीने दरवर्षी केंद्रनिहाय जाहीर केले पाहिजेत. महाराष्ट्रातल्या खासदारांनी पक्ष बाजूला ठेवून ही मागणी लोकसभेत लावून धरावी. तोवर वाचकांना माझी विनंती आहे की आपापल्या जिल्ह्यातल्या केंद्राकडे माहिती अधिकारात अर्ज करून हेच तीन प्रश्न विचारावेत. त्याला दहा रुपये शुल्क लागते.

आपला,
एक नियमित श्रोता, वाई (जि. सातारा)