विजेची चुकलेली तेरीज

पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाच्या देवळाचा परिसर ही विजेच्या व इलेक्ट्रॉनिक सामानाची जुनी बाजारपेठ होय. ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर, आयसी असे सुटे भाग घेऊन घरीच ध्वनिवर्धक, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, जुळवणारी हौशी मंडळी तेथे नेहमी दिसतात. १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव भरणाऱ्या या शहरात स्वतः बांधलेल्या यंत्रावर गाणे ऐकण्याचे समाधान काही निराळेच मानले जाते. व्यापारी घरांतील मुलेही सुटीत या छंदाकडे वळतात. आणि बहुतेकांच्या वाट्याला पहिल्याच दिवशी एक प्रसंग येतो: बटण दाबताच फ्यूज उडतो.

येथेच स्वभावाची परीक्षा होते. दुसरा फ्यूज घालावा, तोही उडाला की जाड तार गुंडाळावी, हा सोपा वाटणारा मार्ग अत्यंत घातक आहे. तेरीज जुळत नाही म्हणून फरकाची रक्कम उचंत खात्यात टाकून वही मिटण्यासारखाच हा प्रकार. वहीत निदान फरक लिहिलेला राहतो. येथे तो उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. ट्रान्सफॉर्मर जळतो, क्वचित घरालाही आग लागते.

उदाहरणादाखल टीडीए २०३०ए या आयसीच्या जोडीवर बांधलेला स्टिरिओ बोर्ड घ्यावा. १२-०-१२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि मोठे कपॅसिटर यांतून त्याला अधिक १६ व उणे १६ व्होल्टच्या आसपास पुरवठा मिळतो. मध्ये शून्याची रेषा, म्हणजे ग्राउंड. या तीन रेषांपैकी कोणत्याही दोन एकमेकींना थेट चिकटल्या की शॉर्ट झाला. ओहमने १८२७ मध्ये मांडलेला नियम सांगतो की दाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो. रोध ०.१ ओहम उरला, तर १६ व्होल्टला १६० अँपिअर असा हिशेब येतो. इतका प्रवाह लहान ट्रान्सफॉर्मर देऊ शकत नाही. तो तापतो आणि फ्यूज जातो.

शोधाची सुरुवात जुन्या कारागिरांच्या सिरीज दिव्याने करावी. ६० वॅटचा तारेचा दिवा यंत्राच्या मुख्य वायरीत एकापुढे एक असा जोडला, की आत कितीही बिघाड असो, २३० व्होल्टवर पाव अँपिअरहून फारसा अधिक प्रवाह जात नाही. एलईडी दिवा येथे निरुपयोगी. दिवा क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. तेवतच राहिला तर शॉर्ट कायम आहे. मात्र दिवा असला तरी वीज तीच असते. म्हणून प्रत्येक बदलापूर्वी प्लग काढावा, कपॅसिटरमधील साठा रेझिस्टरमार्फत रिता करावा, आणि मुलांच्या शेजारी जाणते माणूस असावे.

पुढे निम्मे-निम्मे करत जावे. ट्रान्सफॉर्मरच्या पुढच्या तारा सोडवल्या आणि दिवा विझला, तर ट्रान्सफॉर्मर निर्दोष. डायोड व मोठे कपॅसिटर जोडूनही दिवा मंदावला, तर तेही निर्दोष. दोष बोर्डावर आला. शंभर पाने चाळण्याऐवजी कोणत्या पानापर्यंत बेरीज बरोबर आहे हे पाहणारा मुनीम हेच करतो.

आता वीज पूर्ण बंद करून मल्टिमीटर ओहमवर लावावा. त्याआधी त्याची दोन्ही टोके एकमेकांना टेकवून पाहावीत, ०.२ ओहम आले, तर ते वायरींचे आहेत आणि पुढील आकड्यांतून वजा करायचे. अधिक रेषा व ग्राउंड यांमध्ये आकडा हळूहळू चढत जातो, कारण कपॅसिटर भरत असतो. उणे रेषा व ग्राउंड यांमध्ये मात्र ०.३ येतो आणि तेथेच राहतो. गुन्हेगाराची गल्ली सापडली.

पहिला संशय अभ्रकावर. या आयसीची धातूची पाठ आतून उणे पुरवठ्याला जोडलेली असते. ती हीटसिंकवर आणि हीटसिंक ग्राउंड केलेल्या पेटीवर बसवताना मध्ये अभ्रकाची चकती व स्क्रूला प्लॅस्टिकचा बुश लागतो. छिद्राच्या काठावरची धातूची कुसळ चकतीला भोक पाडू शकते. स्क्रू सोडवून आयसी हीटसिंकपासून दूर केला आणि आकडा चढू लागला, तर शोध संपला.

समजा, आकडा ०.३ वरच राहिला. तेव्हा उणे रेषेवरचे दोन आयसी आणि सगळे कपॅसिटर सारखेच संशयित, कारण मीटर प्रत्येकाच्या पायांवर तोच आकडा दाखवतो. एकेक भाग उपटून नवा लावण्याचा मोह येथे होतो. त्यात चांगले भाग आणि तांब्याच्या पट्ट्याच खराब होतात.

त्याऐवजी तांब्याच्या पट्टीलाच मोजपट्टी करता येते. प्रवाहाची मर्यादा १ अँपिअर आणि दाबाची अर्धा व्होल्ट ठेवता येणाऱ्या पुरवठ्याचे अधिक टोक बोर्डाच्या ग्राउंडला व उणे टोक उणे रेषेच्या सुरुवातीला जोडावे. ३५ मायक्रॉन जाड व २ मिलिमीटर रुंद पट्टीवर १ अँपिअर वाहताना दर सेंटिमीटरला सुमारे अडीच मिलिव्होल्टचा फरक पडतो, आणि साधा डिजिटल मीटरही २०० मिलिव्होल्टच्या पट्ट्यात तो दाखवतो. मीटरचे एक टोक सुरुवातीला स्थिर ठेवून दुसरे पट्टीवरून पुढे न्यावे. २.५, ५, ७.५, ९, आणि त्यापुढे ९, ९, ९. आकडा जेथे थांबला तेथूनच प्रवाह आडवाटेला लागला, कारण पुढच्या पट्टीत तो वाहतच नाही.

त्या जागी भिंगाने पाहावे. जळालेल्या राळेच्या काळपट थराखाली दोन टाक्यांना जोडणारा, तांदळाच्या कणीहूनही लहान असा सोल्डरचा पूल दिसतो. तापलेल्या सोल्डरगनचे टोक एकदा फिरवले की तो नाहीसा होतो. सारे भाग शाबूत होते. चूक फक्त एका टाक्याची होती.

यानंतरही उतावीळ नको. मीटरवर आकडा चढतो का, सिरीज दिवा मंदावतो का, हे पाहावे. आयसी पुन्हा अभ्रकासह हीटसिंकवर बसवल्याशिवाय स्पीकर जोडू नये, आणि त्याआधी बाहेर पडणारा एकदिश दाब मोजावा. तो काही दहा मिलिव्होल्टच्या आत असावा, नाहीतर स्पीकरची कॉइल जळू शकते.

हिशेबात फरकाला ९ ने भाग जात असेल तर अंकांची अदलाबदल तपासावी, हे व्यापारी घरातल्या मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही. ५४ चे ४५ झाले की फरक ९ येतो. फरकाचा आकडाच चुकीची जागा सुचवतो, तसाच तो ९ मिलिव्होल्टचा आकडाही सुचवतो. ज्या मुलाने एक संपूर्ण संध्याकाळ एकही भाग न बदलता, केवळ मोजून दोष शोधला, त्याच्या हाती पुढे दुकानाची वही निश्चिंतपणे सोपवावी. फरक उचंत खात्यात टाकण्याची घाई तो करणार नाही.