छिन्न कोणाचं मन?

मराठी वर्तमानपत्रात 'छिन्न' हा शब्द कुठे भेटतो ते जरा आठवून बघा. एक्सप्रेसवेवर गाडी ट्रेलरखाली गेली, मृतदेह छिन्नविच्छिन्न. रेल्वे रुळांवर कोणी सापडलं, छिन्नविच्छिन्न. फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट झाला, पुन्हा तेच. या शब्दाला आता मराठीत दुसरं काम फारसं उरलेलंच नाही. आणि नेमका हाच शब्द आपण एका आजाराच्या नावात बसवलाय. विशीतल्या पोराला आणि त्याच्या आईबापांना समोर बसवून सांगायचं, की याला छिन्नमनस्कता आहे. म्हणजे मनाचे तुकडे झालेत. तुकडे कोणी जोडतं का?

माझं म्हणणं एवढंच आहे, की हा शब्द मोडीत काढा. पाठ्यपुस्तकांतून, शब्दकोशांतून, वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांमधून, सगळीकडून.

तुम्ही म्हणाल, तू कोण सांगणार? बरोबर आहे, मी डॉक्टर नाही. पण नावं ठेवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे (दोन्ही अर्थांनी, असं बायको म्हणते :)). आमच्या धंद्यात दहा वर्षांपूर्वी कोणीतरी घाईत एखाद्या व्हेरिएबलला चुकीचं नाव देऊन निघून जातो आणि पुढे येणारा प्रत्येक जण कोड न वाचता ते नाव वाचून निर्णय घेत सुटतो. कोड कधीच बदललेला असतो, नाव तेच राहतं. माणसांच्या बाबतीत यापेक्षा वेगळं घडतं असं मला दिसलेलं नाही.

थोडा इतिहास. या आजाराला आधी 'डिमेन्शिया प्रीकॉक्स' म्हणायचे, म्हणजे अकाली आलेला बुद्धिऱ्हास. जर्मनीच्या क्रेपेलिननं ते नाव रुजवलं. स्वित्झर्लंडच्या ऑयगेन ब्लॉयलरला ते पटलं नाही, कारण त्याचे सगळेच रुग्ण काही ऱ्हासाकडे जात नव्हते, काही चांगले सुधारत होते. म्हणून १९०८ मध्ये त्यानं ग्रीक शब्द जोडून 'स्किझोफ्रेनिया' हे नाव सुचवलं. विचार, भावना आणि वागणं यांना बांधणारे धागे सैल होतात, असं त्याला म्हणायचं होतं. मुद्दा लक्षात घ्या, हे नाव मुळातच आधीच्या चुकीच्या नावाला पर्याय म्हणून आलं. म्हणजे 'नाव काय बदलायचं, शास्त्रीय संज्ञा आहे ती' हा युक्तिवाद करणाऱ्यांना शास्त्राचाच इतिहास माहीत नाही.

मराठीत येताना आपण ग्रीकचं शब्दशः भाषांतर केलं. ग्रीक शब्द ग्रीक न येणाऱ्याच्या कानाला मुका असतो. 'छिन्न' मुका नाही, तो ओरडतो. शिवाय 'दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व' असा घोळ वेगळाच. अजूनही निम्म्या लोकांना वाटतं की या माणसात दोन माणसं राहतात, दिवसा एक आणि रात्री दुसरा. या आजाराचा आणि त्या हिंदी सिनेमातल्या डबल रोलचा काडीचा संबंध नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' २००४ मध्ये आला, त्यात अतुल कुलकर्णीनं हा आजार जसा असतो तसा उभा केला. त्यालाही वीस वर्षं उलटून गेली. डबल रोल काही डोक्यातून जात नाही.

आता जपान. तिथला जुना शब्द होता 'सेइशिन बुनरेत्सु ब्यो', अर्थ जवळपास आपलाच: मन फाटण्याचा आजार. १९९३ मध्ये रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेनं तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संस्थेकडे मागणी केली, की हे नाव बदला. नऊ वर्षं काथ्याकूट झाला आणि २००२ मध्ये नाव बदललं: 'तोगो शिच्चो शो', म्हणजे साधारण 'एकसंधपणा बिघडण्याचा विकार'. याचा परिणाम काय झाला? नाव बदललं त्या वर्षी सुमारे ३७ टक्के रुग्णांना त्यांचं निदान डॉक्टरांकडून सांगितलं जात होतं. तीन वर्षांत तो आकडा सुमारे ७० टक्क्यांवर गेला.

हा आकडा पुन्हा वाचा. म्हणजे त्याआधी दर तीनांपैकी जवळपास दोघांना स्वतःला काय झालंय हेच माहीत नव्हतं, कारण डॉक्टरांच्या तोंडून तो शब्द निघत नव्हता. नाव इतकं जड होतं की ते ज्याच्यासाठी होतं त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं. नंतर दक्षिण कोरियानंही नाव बदललं. त्यांच्या नव्या शब्दात तंतुवाद्य सुरात लावण्याची कल्पना आहे.

आपल्याकडे यावर ठरलेलं उत्तर येतं: नाव बदलून काय होणार? आणि इथे मी विरोधी पक्षाला अर्धे मार्क देतो. २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द पुढे आणला, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या. पण त्या पाटीखालच्या चार पायऱ्या तशाच आहेत, व्हीलचेअर अजूनही खालीच थांबते. नुसतं नाव बदलणं म्हणजे गळक्या पाइपाला रंग देणं, मान्य.

पण दुसरं उदाहरण आपल्याच मातीतलं घ्या. 'महारोग' हा शब्द तुम्ही शेवटचा कधी वापरलात? बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये स्थापलेल्या महारोगी सेवा समितीच्या नावात तो उरलाय, एरवी आपण कुष्ठरोग म्हणतो. शब्द गेला, कारण १९८० च्या दशकात औषधांचं नवं मिश्रण आलं आणि आजार खरोखर बरा व्हायला लागला, हे खरंच. पण शब्द आणि औषध दोन्ही सोबत चालले. कायदा मात्र फरपटत मागून आला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं ते काढून टाकायला २०१९ साल उजाडावं लागलं!

कायद्याचा विषय निघालाच आहे तर हिंदू विवाह कायदा उघडून बघा. घटस्फोटाच्या कारणांत मनोविकाराचं कलम आहे. १९७६ च्या दुरुस्तीनं त्याला एक स्पष्टीकरण जोडलं, आणि त्यात एका आजाराचा नाव घेऊन समावेश केलाय: स्किझोफ्रेनिया. कुष्ठरोग सुटला, हा अजून तिथेच आहे. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की नुसता स्किझोफ्रेनियाचा शिक्का पुरेसा नाही, आजार कोणत्या प्रकारचा आणि किती तीव्र आहे हे प्रत्येक प्रकरणात बघावं लागेल. उत्तम निकाल. पण आपली लग्नं कोर्टात ठरत नाहीत, ती कांदेपोह्यांवर ठरतात. तिथे 'मुलाच्या मामाला काहीतरी मेंटल होतं म्हणे' एवढ्यावर स्थळ मोडतं. मामाला! तिथे 'प्रकार आणि तीव्रता' कोण विचारतो?

आता ज्याच्यामुळे हे लिहायला बसलो ते सांगतो. नावगाव काही सांगणार नाही, कंपनीचंही नाही. आमच्या टीममध्ये एक मुलगा होता, हुशार, जरा तुसडा (आमच्यात अर्धे तसेच). त्याला हा आजार झाला, तीन महिने रजेवर होता, परत आला, औषधं नियमित चालू, काम पहिल्यासारखं. निदान कसं कोण जाणे, पण मजलाभर झालेलं. त्यानंतर एका मीटिंगमध्ये तो म्हणाला की डेटा दोन ठिकाणी वेगवेगळा लिहिला जातोय, हे रिलीज करू नका. जरा आवाज चढवून म्हणाला. त्याच्या जागी मी असतो तर लोकांनी लॉग उघडून बघितले असते. त्याच्या बाबतीत मॅनेजरनं अतिशय प्रेमळ आवाजात विचारलं, "अरे, गोळ्या घेतोयस ना वेळेवर?"

रिलीज झाला. दहा दिवसांनी ग्राहकाच्या हिशोबात फरक आला, नेमका तो म्हणाला होता तिथे. कोणी त्याची माफी मागितली नाही, कारण कोणाला आपण काही केलंय असं वाटलंच नाही. आपण तर काळजी केली होती! पुढच्या दिवाळीआधी त्यानं नोकरी सोडली. एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये त्यानं 'वैयक्तिक कारण' लिहिलं.

हे एका मॅनेजरचं प्रकरण नव्हे. १९७४ मध्ये लँगर आणि एबलसन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एका माणसाच्या मुलाखतीची एकच चित्रफीत मानसोपचार करणाऱ्यांना दाखवली. काहींना सांगितलं, हा नोकरीसाठी आलेला उमेदवार आहे. काहींना सांगितलं, हा रुग्ण आहे. माणूस तोच, वाक्यं तीच. मनोविश्लेषणाच्या परंपरेत शिकलेल्यांना 'रुग्ण' लक्षणीय जास्त बिघडलेला दिसला. वर्तनावर भर देणाऱ्या परंपरेतल्यांवर लेबलचा परिणाम कमी झाला. या दुसऱ्या निकालाला मी जास्त महत्त्व देतो. लेबलनं डोळ्यांवर पट्टी बांधली जाणं अटळ नाही, तुम्हाला बघायला कसं शिकवलंय त्यावर ते ठरतं.

आणि गंमत म्हणजे आपला कायदा याबाबतीत आपल्यापेक्षा शहाणा आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा (लागू २०१८ पासून) कलम ३ मध्ये सांगतो, की पूर्वी उपचार झाले होते किंवा माणूस दाखल झाला होता, एवढ्यावरून त्याला आज किंवा उद्या मनोरुग्ण ठरवता येणार नाही. हे वाक्य प्रत्येक एचआरच्या टेबलावर फ्रेम करून लावायला हवं. (लावतील ते 'वेलनेस वीक'चं पोस्टर. असो.)

पोस्टरवरून आठवलं. 'मानसिक आजार हा मधुमेहासारखाच एक आजार आहे.' वाक्य सद्हेतूचं आहे, आणि मला ते पुरेसं वाटत नाही. अमेरिकेत १९९६ आणि २००६ या दोन वर्षी लोकांची मतं विचारून तुलना केली गेली. दहा वर्षांत 'हा मेंदूचा आजार आहे' हे मानणारे वाढले, उपचार घ्यावेत म्हणणारेही वाढले. पण अशा माणसाशेजारी राहायची, त्याच्यासोबत काम करायची नाखुशी काही कमी झाली नाही. मेंदूतच बिघाड आहे म्हटल्यावर माणसाला दोष देणं थांबतं, पण 'मग हा कायमचाच असा' हेही सोबत येतं. मधुमेहवाल्याला मीटिंगमध्ये कोणी विचारत नाही, इन्शुलिन घेतलंस का, तुझा मुद्दा चुकीचा वाटतोय.

दुसऱ्या टोकाचे लोकही मला तितकेच खटकतात. लेबलच नको, सगळे आपापल्या परीनं वेगळे असतात, निदान म्हणजे औषध कंपन्यांचा डाव वगैरे. हे बोलायला कोरेगाव पार्कातल्या कॅफेत बरं वाटतं. ज्या घरात पोरगा तीन रात्री झोपलेला नाही आणि शेजारी आपले विचार चोरतात म्हणतोय, त्या घराला नाव लागतं. नाव मिळालं नाही तर ते घर मांत्रिकाकडे जातं, देवस्थानी दोरे बांधतं आणि तोवर वर्ष जातं. नावामुळे औषध मिळतं, रजा मिळते, २०१७ च्या कायद्याच्या आधारे विम्यावर हक्क सांगता येतो, अपंगत्वाचा दाखला निघतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगात साधारण तीनशे माणसांमागे एकाला हा आजार आहे. म्हणजे तुमच्या सोसायटीत, तुमच्या मजल्यावर, तुमच्या वर्गाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर. त्यांना निदान हवंय. त्यांना ते उच्चारता येईल असं हवंय, बास.

मग पर्याय काय? तोवर 'स्किझोफ्रेनिया' चालेल, पुण्यामुंबईतले डॉक्टर तोच वापरतात आणि मराठी कानाला त्यात सुरी दिसत नाही. पण त्याचं 'स्किझो' होऊन शिवी बनायला वेळ लागलेला नाही, तेव्हा तो काही शेवटचा उपाय नव्हे. जपानची नक्कल करून 'एकात्मताभंग' म्हणावं, तर ते एखाद्या कलमाखालचा गुन्हा वाटतो. कोरियाची कल्पना मला आवडते. तंबोऱ्याची तार उतरते, खुंटी पिळून पुन्हा लावतात, मैफलीच्या मध्येही लावतात, आणि त्यासाठी कोणी तंबोरा फेकून देत नाही. 'स्वरविसंगती'? 'मनोविसंवाद'? दोन्ही जरा शासकीय वाटतात, मला कळतंय.

हा शब्द मी ठरवू नये, आणि फक्त डॉक्टरांनी आणि परिभाषा समितीनंही ठरवू नये. जपानमध्ये मागणी घरच्यांकडून आली होती. आपल्याकडेही रुग्णांचे आणि पालकांचे आधारगट नियमित जमतात, पुण्यात जमतात, ठाण्यात जमतात. परिभाषा ठरवणाऱ्या मंडळींनी तिथे एकदा जाऊन मागच्या रांगेत बसावं. कोणता शब्द उच्चारताना आईचा आवाज खाली जातो आणि कोणत्या शब्दाला जात नाही, ते तासाभरात ऐकू येईल.