यदृच्छेची परीक्षा

इ. स. ११५० च्या सुमारास रचिलेल्या ‘लीलावती’त भास्कराचार्य विचारतात कीं, शंभूच्या दहा हातांत दहा आयुधें आलटूनपालटून दिलीं, तर मूर्तीचे भेद किती होतील ? उत्तर येतें ३६,२८,८००. गायत्रीच्या २४ अक्षरांतील प्रत्येक अक्षर लघु कीं गुरु एवढाच प्रश्न घेतला, तरी भेद १,६७,७७,२१६ होतात. चाळीसगांवनजीक पाटणच्या शिलालेखांत ज्यांच्या नातवाचा मठ नोंदला आहे, त्या आचार्यांचें हें गणित आमच्या ठाकुर्लीच्या फलाटावरून रोज सकाळीं लोकलनें जाणाऱ्या संगणकवाल्या तरुणांच्या उद्योगांत आज नव्या रूपानें उभें आहे, असें सांगितलें तर त्यांच्या आईवडिलांस नवल वाटेल.

संगणकाच्या पोटांत अगदीं तळाशीं जो कार्यक्रम चालतो त्यास कर्नल म्हणतात. आपण त्यास गाभा म्हणूं. लिनस टोर्वाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं आरंभिलेला लिनक्सचा गाभा आज घरोघरच्या अँड्रॉइड फोनांत आहे, आणि पुण्याच्या सी-डॅकमधील ‘परम सिद्धि’ हा महासंगणकही त्यावरच चालतो. एकच संहिता लहानथोर सर्व यंत्रांस पुरावी म्हणून तींत निवडीचे प्रश्न ठेविले आहेत. अमुक भाग हवा, नको, किंवा निराळा बांधून ठेवून लागेल तेव्हां जोडावा. असे प्रश्न १५,००० हून अधिक आहेत. त्यांतले ३०० च घेतले आणि प्रत्येकास होय-नाहीं एवढींच दोन उत्तरें धरलीं, तरी भेदांची संख्या ९१ अंकी होते. परस्परांच्या अटींमुळें पुष्कळ भेद गळतात हें खरें; पण उरतात ते सर्व तपासणें कोणासही शक्य नाहीं.

नित्याच्या चार रचना सर्वच तपासतात. दोष दडतात ते आडवळणीं. समजा, एक भाग गाभ्यांत घातला आहे आणि त्याला लागणारा दुसरा भाग निराळा बांधून ठेविला आहे. दोन्ही आंत असते, किंवा दोन्ही बाहेर असते, तर तक्रार नव्हती. येथें मात्र बांधणी अडते : फोडणी तडतडते आहे आणि हिंगाची डबी शेजारीं गेली आहे ! ज्यानें ती संहिता लिहिली त्यानें आपल्या यंत्रावर हा योग कधींच पाहिलेला नसतो.

यावर योजिलेला उपाय म्हणजे ‘रँडकॉन्फिग’. यंत्रच फांसे टाकून, अटी सांभाळून, प्रत्येक प्रश्नाचें उत्तर ठरवितें आणि तशी बांधणी करून पाहतें. बांधणी मोडली कीं तो योग जपून ठेवावयाचा. फांशांच्या मुळाशीं जी संख्या असते तिला ‘बीज’ म्हणावें; संहिता तीच असतां तेंच बीज पुन्हां दिलें, कीं तींच उत्तरें पुन्हां येतात, आणि दोष दुसऱ्यास दाखवितां येतो. आम्ही शाळेंत शिकत असतांना दिपोटीसाहेब येत, ते घोकून ठेवलेला धडा ऐकावयास नव्हे; पुस्तक मधेंच कोठें तरी उघडून ‘वाच’ म्हणत. त्या दिवशीं वर्गाची खरी स्थिति कळे. (पुस्तक नेमकें हव्या त्याच पानावर उघडेल अशी त्याची शिवण सैल करून ठेवणारे मास्तरही होते, तो भाग निराळा.)

हें काम आज रात्रंदिवस चालतें. गाभ्याचे जुने जाणते अर्न्ड बर्गमन अशा बांधण्या करून शेंकडों दुरुस्त्या पाठवीत आले आहेत. इंटेल कंपनीचा स्वयंचलित परीक्षक नवी संहिता येतांच ती नाना रचनांनीं बांधून पाहतो आणि दोष सांपडल्यास लेखकास पत्र धाडतो. मात्र हे फांसेही सर्वस्वीं निःपक्षपाती नसतात. आजोबांनीं ‘होय’ म्हटलें तरच वडिलांस विचारावयाचें, त्यांनीं ‘होय’ म्हटलें तरच नातवास, असा क्रम असल्यानें, प्रत्येक वेळीं छापा-कांटा समसमान धरला तरी नातवाची निवड आठांत एकदांच होते. शिवाय बांधलें गेलें तें चालेलच असेंही नाहीं. ती परीक्षा वेगळी.

‘असला विचित्र योग वापरणार कोण ?’ असें कित्येक संहिताकार कुरकुरतात. आम्हांस हा आक्षेप पटत नाहीं. लहानसें यंत्र बनविणारा कारखानदार जागा वांचविण्यासाठीं पडदा नको, ध्वनि नको, असें छाटत जातो, तेव्हां त्याचा योग जगांत कदाचित् त्याच्यापुरताच असतो, आणि तो आधीं तपासून ठेवण्यास या फांशांवांचून दुसरें कोणी नसतें. दुरुस्ती तर पुष्कळदां एका ओळीची निघते : अमुक भाग आंत असेल तर तमुकही आंतच असावा, एवढी एक अट लिहिली कीं बांधणी पुढें सरकते.