ताण शून्य? नको गं बाई!

परवाचीच गोष्ट. माझी रूम पार्टनर एक बाटली घेऊन आली. परीक्षेच्या फॉर्मसाठी घरून आलेल्या पैशांतले निम्मे त्या बाटलीत गेले होते. हॉस्टेलमध्येच चेन मार्केटिंगवाल्यांकडून घेतलेली. वर लिहिलेलं, 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस घालवा, स्टेम सेल्स तरुण ठेवा!' मी म्हटलं, "अगं, आता फॉर्म कसा भरणार?" तर म्हणते, "सायन्स आहे ते!"

सायन्स म्हटल्यावर मला गप्प बसवेना. बायोलॉजी मी दहावीनंतर सोडलं (आणि आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांचं मराठीही तिथेच सुटतं, तेव्हा चुका पोटात घाला). तरी दोन संध्याकाळी वाचत बसले. कळलं ते सांगते, कारण या बाटल्या आता आमच्या मजल्यावर आणखी तीन खोल्यांत पोचल्या आहेत.

स्टेम सेल, म्हणजे मूळपेशी, ही ब्रँच न मिळालेल्या फर्स्ट इयरच्या पोरासारखी. हाडांच्या मज्जेतल्या मूळपेशीपासून लाल पेशी होतात, पांढऱ्या होतात, प्लेटलेट्सही होतात. तिची कामं दोन. स्वतःसारख्या मूळपेशींचा साठा टिकवायचा आणि गरज पडली की ब्रँच घेऊन कामाला लागायचं. एरवी ती बहुतेक वेळ झोपलेली असते.

आता स्ट्रेस. पेशी ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करते, तेव्हा इंजिनातून धूर निघावा तसे ऑक्सिजनचे काही उपद्रवी रेणू निघतात. ते डीएनएवर, प्रथिनांवर हल्ला करतात. पेशीच्या स्वतःच्या सफाईला ते आवरेनासे झाले, की त्याला म्हणायचं ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. परीक्षेचं टेन्शन वेगळं आणि हा वेगळा, बरं का! नाव सारखं आहे, एवढ्यावरच बाटली खपते.

मज्जेतल्या मूळपेशी राहतात त्या जागी ऑक्सिजन मुळातच कमी. आपल्या हवेत तो २१ टक्के. २०१४ मध्ये जिवंत उंदरांच्या मज्जेत मोजला, तर काही ठिकाणी २ टक्क्यांहूनही कमी निघाला.

बाटलीवाले अगदीच खोटं बोलत नाहीत, हेही कबूल करायला हवं. २००४ मध्ये जपानमधल्या तोशिओ सुदा यांच्या गटाने एटीएम नावाचं जनुक (बँकेचं नव्हे!) नसलेले उंदीर तपासले. त्यांच्या मूळपेशींत हे रेणू वाढले होते आणि सहा महिन्यांच्या सुमारास मज्जाच निकामी होत होती. अँटिऑक्सिडंट दिल्यावर मूळपेशींचं काम पुन्हा सुधारलं. जाहिरात इथेच थांबते.

पण गोष्ट पुढे आहे. २००९ मध्ये अमेरिकेत ओवुसू-आन्सा आणि उत्पल बॅनर्जी यांनी फळमाशीच्या अळ्यांवर प्रयोग केले. (फळमाशी म्हणजे मेसच्या पिकल्या केळ्यांवर घोंगावते तीच.) रक्त तयार करणाऱ्या तिच्या मूळपेशींत हे रेणू मुळातच जास्त असतात. ते कमी केले, तर पक्क्या रक्तपेशी व्हायला उशीर झाला. वाढवले, तर पेशींनी घाईघाईने ब्रँच घेतली. म्हणजे हा नुसता धूर नाही, 'ऊठ, कामाला लाग' असा निरोपही आहे!

थोडक्यात, गीझरच्या थर्मोस्टॅटसारखं आहे हे. फार तापलं तर कॉइल जळणार, पण म्हणून कोणी तापमान शून्यावर नेतं का? कोणत्या पेशीत, कधी, किती, हे सगळं शरीर ठरवतं. बाटलीला यातलं काय कळतं?

'फायदा नाही तर नाही, नुकसान तर नाही ना?' असंही कोणी म्हणेल. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. तिचे निकाल १९९४ मध्ये आले. ज्यांना बीटा कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट रोज दिलं, त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. ते लोक वेगळे, गोळी वेगळी, मान्य. पण 'नुकसान नाही' हे गृहीत धरायचं नसतं, एवढं तरी त्यातून शिकावं. (डॉक्टरांनी दिलेलं औषध मात्र माझा लेख वाचून बंद करू नका, प्लीज!)

मला राग बाटलीचा नाही, आपला येतो. व्हायवाला युनिट लिहिलं नाही तर मार्क कापले जातात, हे आपल्याला पाठ आहे. मग पैसे मोजताना 'डोस किती? माणसांवर तपासलंय का? कोणी?' हे तीन प्रश्न का सुचत नाहीत? रेक्टर मॅडमना एक विनंती. नुसती बंदी घालू नका, चोरून विक्री होईल. त्यापेक्षा एखाद्या डॉक्टरांना कॉमन रूममध्ये बोलवा आणि आम्हाला भरपूर प्रश्न विचारू द्या.

फॉर्म शेवटी लेट फीसकट भरला, उसने पैसे घेऊन. बाटली खिडकीत आहे, अर्धी. मेसमधली पालेभाजी मात्र पार्टनर अजूनही ताटातच टाकते!