किल्ला कुणाच्या मनाचा?

दोस्तांनो, परवा निगडीला ताईकडे गेलो, तर जिन्यातच दाजींचा आवाज कानावर आला, "बंद कर म्हणतो ना ते!" दाजी चाकणच्या एका कारखान्यात कामाला. पहिली पाळी संपवून नुकतेच आले होते आणि आमचे सातवीतले भाचेराव कॉम्प्युटरला चिकटलेले!

मी हळूच डोकावलो. पडद्यावर 'माइनक्राफ्ट' आणि त्यात चक्क किल्ला!

"मामा, हा चाकणचा संग्रामदुर्ग. हा खंदक. बुरूज कुठे घालू, ते ठरवतोय."

"एवढं काय रे आहे यात?"

"इथे मी ठरवतो. शाळा, क्लास, होमवर्क... बाकी सगळं दुसरंच कुणीतरी ठरवतं!"

बघा, बोलला की नाही लाखमोलाचं? रिचर्ड रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली नेमकं हेच मांडलं. खेळ का आवडतो? आपलं आपण ठरवता येतं, हळूहळू जमायला लागतं आणि सोबती मिळतात, म्हणून. 'माइनक्राफ्ट' २०११ साली पूर्ण स्वरूपात बाजारात आला आणि २०२३ पर्यंत त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती खपल्या. अमुकच करा, असं त्यात कुणी सांगत नाही. खणा, बांधा, नाहीतर नुसते भटका!

आणि गंमत म्हणजे हा खेळ आपल्याला नवा नाहीच. दिवाळीचा किल्ला आठवा. दगड, माती, पोतं आणि वर पेरलेले अळीव. गुहा कुठे, तळं कुठे, मावळा कुठल्या बुरुजावर, सगळा आपल्याच मनाचा कारभार! जपानच्या शिगेरू मियामोतो यांनाही लहानपणी गुहा-डोंगर धुंडाळायचा नाद होता. त्यातूनच त्यांना १९८६ सालचा 'झेल्डा' सुचला.

खेळात आणखी एक सोय असते. चुकलं, तर पुन्हा सुरुवात! १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांना ती नव्हती. शाएस्ताखानाच्या प्रचंड फौजेपुढे त्यांनी संग्रामदुर्ग सुमारे दोन महिने झुंजवला. शेवटी मोगलांनी सुरुंग लावून बुरूज उडवला. तो काही बटण दाबून परत उभा राहिला नाही. खेळात मात्र धोका न पत्करता निर्णय घेऊन बघता येतो.

पण थांबा! काही खेळ रोज बक्षिसाचं आमिष दाखवून तुम्हाला बोलावत राहतात. उठावंसं वाटतंय, पण उठवत नाही. मग ठरवतंय कोण, तुम्ही की खेळ? खेळावरचा ताबा सुटून महिनोन् महिने आयुष्याची घडी विसकटणं, याची नोंद जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत आहे. ठरवायची मजा असलेल्या खेळात 'आता पुरे' हेही आपल्यालाच ठरवता आलं पाहिजे.

हे सगळं दाजी दारात उभे राहून ऐकत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "मी दिवसभर लाइनवर उभा असतो. तिथे मला तरी कुठे काय ठरवता येतं?" मग भाच्याकडे वळून म्हणाले, "बरं, किती वेळ खेळायचं ते तूच सांग. पण सांगितलेलं पाळायचं!"

भाचा म्हणाला, "एक तास. आणि बाबा, रविवारी आपण खरा संग्रामदुर्ग बघायला जायचं का? माझा बुरूज चुकलाय बहुतेक."

आई-बाबांनो, तुमच्या घरात मुलांनी ठरवायची अशी एक तरी गोष्ट आहे ना? आणि दोस्तांनो, तुम्ही काय ठरवाल? कळवा हं!