छोट्या सरकारची काटामारी

२०१४ साली मी टाळ्या वाजवल्या होत्या, हे आधीच कबूल करतो. ‘मिनिमम गव्हर्नमेंट, मॅक्सिमम गव्हर्नन्स’ ही घोषणा ऐकून माझ्यासारख्या शेतकरी संघटनेच्या जुन्या बिल्लेवाल्याचं काळीज हललं नसतं तर नवल. १९३५ साली साताऱ्यात जन्मलेल्या शरद जोशींनी आम्हाला एकच गोष्ट घोकून घोकून शिकवली होती: दलाल आणि सावकार नंतर, तुझ्या खिशात पहिला हात घालतं ते सरकार. निर्यातबंदी, लेव्ही, झोनबंदी ही त्या हाताची बोटं. सरकारनं आमच्या छातीवरून उठावं, बाकीचं आम्ही बघून घेऊ. आणि दिल्लीतला नवा गडी आपणहून उठायची भाषा करत होता!

आता हिशेब करू. पण वजन आपल्याच काट्यावर करू. ऊसपट्ट्यातल्या माणसाला काटामारी काय असते ते सांगावं लागत नाही.

साखरेचंच घ्या. रंगराजन समितीनं २०१२ साली शिफारस केली आणि एप्रिल २०१३ मध्ये मनमोहनसिंग सरकारनं लेव्ही साखर, म्हणजे रेशनसाठी कारखान्यांकडून सक्तीनं स्वस्तात घ्यायची साखर, बंद केली. कोणत्या कारखान्यानं कधी किती साखर विकायची हे दिल्लीनं ठरवायचं, ती कोटा पद्धतही मोडीत काढली. म्हणजे ज्या काँग्रेसला आम्ही लायसन्स-परमिट राज म्हणून शिव्या घातल्या, तिनं जाता जाता एक दोरी सोडली. ती पुन्हा आवळली कोणी? छोट्या सरकारवाल्यांनी. जून २०१८ मध्ये साखरेचा किमान विक्री दर किलोला २९ रुपये ठरला आणि महिन्याचा कोटा परत आला. फेब्रुवारी २०१९ मध्ये दर ३१ झाला आणि पुढं वर्षानुवर्षं तिथंच बसून राहिला. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं शेतकऱ्याला द्यायचा किमान भाव, मात्र दिल्लीच वाढवत राहिली. कच्च्या मालाचा भाव सरकार ठरवणार, पक्क्या मालाचा तळाचा भाव सरकार ठरवणार, विकायचं कधी आणि किती तेही सरकारच सांगणार. मग कारखान्याच्या कार्यकारी संचालकानं काय ठरवायचं? सत्यनारायणाची तारीख?

मग म्हणाले, इथेनॉल करा. केलं. कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभ्या राहिल्या. ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन गाळपात, उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाईचा हुकूम आला. आठवडाभरात तो थोडा सैल केला, १७ लाख टन साखरेपुरती मुभा दिली. उपकार म्हणून. त्याच सुमारास कांद्याच्या निर्यातीवर बंदी. एका हातानं साताऱ्या-सांगलीचा ऊस दाबला, दुसऱ्या हातानं लोणंदच्या बाजारातला कांदा.

कांद्याचा त्याआधीचा एक प्रसंग तर मला पाठ आहे. सप्टेंबर २०२०. अत्यावश्यक वस्तू कायद्यातून कांदा-बटाट्याला मोकळं करणारं दुरुस्ती विधेयक लोकसभेत १५ तारखेला मंजूर झालं. आणि कांद्याची निर्यात बंद कधी केली? १४ तारखेला. पोपटाला पिंजऱ्यातून सोडलं, पण आदल्या दिवशी पंख छाटून. पुढच्याच महिन्यात कांद्यावर साठ्याची मर्यादाही लावली. ही दुरुस्ती धरून केलेले तिन्ही शेती कायदे पुढं मागं घेतले, त्याचं आमच्यातल्या अनेकांना दुःख झालं. मला झालं नाही. कायदा करणाऱ्याचाच त्यावर विश्वास नव्हता, तिथं मी कशाला रडू?

न्याय करायचा तर जमेची बाजूही लिहितो. शेकडो कालबाह्य कायदे रद्द केले, नियोजन आयोग गेला, एअर इंडिया टाटांना विकली. छान. लोणंदच्या बाजारातून विमान उडत नाही, म्हणून ते आमच्या काट्यावर येत नाही, इतकंच. उलट जे येतं ते जड आहे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री चलनातल्या ८६ टक्के नोटा रद्द केल्या आणि सहा दिवसांत जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला बंदी केली. गावच्या सोसायटीचा सगळा व्यवहार ज्या बँकेत, तीच बाद. आणि सहकार हा घटनेनं राज्यांकडे दिलेला विषय असताना जुलै २०२१ मध्ये दिल्लीत त्याचं वेगळं मंत्रालय उघडलं. २०१४ साली ४५ मंत्र्यांनिशी सुरू झालेलं सरकार त्याच महिन्यात पंतप्रधान धरून ७८ जणांचं झालं. बाळसं धरलं म्हणायचं!

हा रोग आपल्याकडचाच आहे असं मात्र नाही. जगभरच्या छोट्या सरकारवाल्यांचा कुलदेव म्हणजे रोनाल्ड रेगन. सरकार हे उत्तर नसून सरकार हाच प्रश्न आहे, असं त्यांनी १९८१ साली अध्यक्षपदाची शपथ घेताना सांगितलं. शिक्षण खातं मोडू म्हणाले, मोडलं नाही. आठ वर्षांत अमेरिकेचं सरकारी कर्ज जवळजवळ तिप्पट झालं. आणि गंमत बघा, १९८२ साली याच गृहस्थांनी बाहेरून येणाऱ्या साखरेवर कोटा लावला, आपल्या साखरवाल्यांना वाचवायला. वारणेपासून वॉशिंग्टनपर्यंत साखरेपुढं तत्त्वाला मुंग्या लागतात.

आमचे शरद जोशीही खासदार झाले, वाजपेयींच्या काळात शेतीविषयक कृतिदलाचे अध्यक्ष झाले, म्हणजे सत्तेचा उंबरठा त्यांनीही ओलांडला. पण सरकार आपल्या मित्रांचं आहे म्हणून निर्यातबंदी गोड लागली, असं त्यांचं कधी झालं नाही. आज साताऱ्या-सांगलीत असा माणूस शोधून दाखवा. विरोधकांत तर बिलकूल शोधू नका. सरकारी भागभांडवल आणि सरकारी थकहमी यांवर ज्यांच्या तीन पिढ्या पोसल्या, ते सरकार मोठं झालं म्हणून कोणत्या तोंडानं ओरडणार?

आणि आम्ही? गेल्या हंगामात आमच्या गावच्या चौकात ऊसदराची सभा झाली. वक्ता पेटला होता. सरकारनं शेतीतून चालतं व्हावं, म्हणाला. लगेच पुढच्या वाक्याला साखरेचा किमान दर दिल्लीनं एकतिसावरून वाढवलाच पाहिजे, म्हणाला. दोन्ही वाक्यांना टाळ्या सारख्याच पडल्या. त्यात माझ्याही होत्या.